जनरेटरची चाचणी भारावर घ्या

महोदय,

रुग्णालये, जलशुद्धीकरण केंद्रे, डेटा सेंटर, दूरसंचार केंद्रे यांच्या तपासणी अहवालात ‘जनरेटर चाचणी’ असा रकाना असतो आणि त्यापुढे बहुधा ‘झाली’ एवढेच लिहिलेले असते. आठवड्यातून दहा मिनिटे इंजिन चालवायचे आणि सही करायची. ही बिनभाराची, म्हणजे वीज वापरणारी उपकरणे न जोडता घेतलेली, चाचणी अपुरी तर आहेच, शिवाय इंजिनाला अपायकारकही. भार क्षमतेच्या ३० टक्क्यांहून कमी असला की डिझेल इंजिन पुरेसे तापत नाही, इंधन अर्धवट जळते आणि एक्झॉस्टमध्ये (धूर बाहेर टाकणाऱ्या नळीत) काजळी व चिकट तेल साचते. मग ऐन वेळी पूर्ण भार आला की ते दम टाकते. ‘एनएफपीए ११०’ हे अमेरिकी मानक दरमहा ३० मिनिटे किमान ३० टक्के भारावर, किंवा उत्पादकाने ठरवलेले एक्झॉस्ट तापमान गाठेल अशा भारावर, चाचणी घ्यायला सांगते. तेवढा भार मिळत नसेल तर वर्षातून एकदा लोड बँक (कृत्रिम भार देणारे उपकरण) लावून ५० टक्क्यांवर अर्धा तास आणि लगेच ७५ टक्क्यांवर एक तास.

जनरेटर संच सुरूच न होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे स्टार्टरची बॅटरी. इंजिन बंद असताना मीटर व्यवस्थित २४ व्होल्ट दाखवतो, स्टार्टर फिरू लागला की व्होल्टेज कोसळते. म्हणून मोजायचे ते स्टार्टर फिरत असताना.

इंधनाचा हिशेब तर कोणी करतच नाही. ५०० केव्हीएचा संच पूर्ण भारावर तासाला साधारण १०० लिटर डिझेल घेतो. ९९० लिटरची टाकी काठोकाठ भरली तरी दहा तास जेमतेम; तळाचे पाणी आणि गाळ वजा करा, तर त्याहून कमी. संस्थेच्या आपत्कालीन आराखड्यात मात्र ‘७२ तास’ असतात. उरलेले ६२ तास ‘पुरवठादाराशी करार’ या एका ओळीवर काढायचे! तोच पुरवठादार परिसरातल्या आणखी किती संस्थांना बांधील आहे, त्याच्याकडे टँकर किती, त्याच्या डेपोतल्या पंपाला वीज कुठून येते? नियामक प्रत्येकाचा करार सुटा तपासतो. सगळ्यांचे कागद निर्दोष, आणि टँकर एकच.

२०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर सुखरूप होते. डिझेल वर चढवणारे पंप तळघरात बुडाले. जिन्यावरून हातोहात डिझेल पोचवावे लागले आणि अखेर रुग्णालय रिकामे करावे लागले. जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात २०११ च्या त्सुनामीत काही एअर-कूल्ड (हवेने थंड होणारे) जनरेटर पाण्याखाली गेलेच नव्हते, पण त्यांची वीज पुढे वाटणारी पॅनल बुडाल्याने ते असून नसल्यासारखे झाले. तपासणीस संच पाहून परत जातो. त्याने केबल, पंप, पॅनल यांचा माग टाकीपासून शेवटच्या ब्रेकरपर्यंत घ्यायला हवा.

नियामकांनी ‘होय/नाही’ऐवजी आकडे मागावेत: किती किलोवॉट, किती मिनिटे, वीज गेल्यापासून किती सेकंदांत भार उचलला, कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान किती. चाचणी मुख्य ब्रेकर उघडून, म्हणजे बाहेरचा वीजपुरवठा तोडून, व्हावी. पॅनलवरचे स्टार्ट बटण दाबले तर भार जनरेटरवर वळवणारा ट्रान्सफर स्विच तपासलाच जात नाही. सेवा बंद पडेल ही व्यवस्थापनाची भीती रास्त आहे. पण चाचणीच्या दिवशी माणसे हजर असतात, भाड्याचा पर्यायी संच जोडून ठेवता येतो आणि वेळ आपण निवडलेली असते. फसलेली चाचणी स्वतःहून कळवणाऱ्याला दंड करू नये, दुरुस्तीची मुदत द्यावी. दंड खोट्या नोंदीला असावा. आणि एका परिसरातील सर्व अत्यावश्यक सेवांचे इंधन करार वर्षातून एकदा एकत्र मांडून, कोणाचा टँकर आधी जाणार हा क्रम लेखी ठरवावा.

– एक विद्युत अभियंता