घाट उतरण्याआधी व्हॅन वजनकाट्यावर चढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या डिझेल व्हॅनचे फिरते घर करणाऱ्या तरुणांवरचा लेख वाचला. पोरे स्वतःच्या हाताने गाडी उघडतात, बसवतात, याचा आनंद झाला. पण फोटो पाहून पोटात गोळा आला. टपावर पाण्याची काळी टाकी, तिच्या बाजूला लोखंडी जाळीत दोन स्टेपन्या, आत पलंगाखाली घरचा लाल सिलिंडर. मी एस.टी.त ३१ वर्षे यांत्रिक म्हणून काम केले. निवृत्त झाल्यावर २०१९ मध्ये अशीच एक व्हॅन घेतली आणि आता घरच्यांना घेऊन तिच्यातच मुक्कामाला जातो. म्हणून लिहितो आहे.

डिसेंबरात चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरत होतो. एका वळणाआधी पांढरी व्हॅन कठड्याला टेकवून उभी, चाकांतून धूर निघतोय, आणि रस्त्याच्या कडेला दोन बाया तीन लेकरांना कवेत घेऊन बसलेल्या. गाडी चालवणारा पंचविशीतला मुलगा अकोल्याकडचा. म्हणाला, "काका, पाय पुरा दाबून राह्यलो, पण पेडल खालीच जाऊन राह्यलं. ब्रेक लागूनच नाही राह्यले." त्याचा भाऊ पाण्याची बादली घेऊन चाकाकडे निघाला होता, त्याला आधी थांबवले. तापलेल्या ब्रेक ड्रमवर गार पाणी पडले की त्याचे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तडकते.

पाऊण तास नुसते थांबलो. तेवढ्यात टपावरच्या टाकीचे बूच काढून पाणी सोडून दिले. टाकी २०० लिटरची, म्हणजे डोक्यावर २०० किलो. मग बायामाणसे माझ्या गाडीत बसवली, तिचे स्टेअरिंग माझ्या मुलाकडे दिले, आणि त्या मुलाची व्हॅन मी दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय जवळजवळ न लावता खाली आणली.

खाली आल्यावर त्याला विचारले, ब्रेक ऑइल कधी बदलले? ते बदलायचे असते हेच त्याला ठाऊक नव्हते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. डॉट ३ जातीचे कोरे ऑइल २०५ अंशांच्या आसपास उकळते, ओलावा धरला की १४० पर्यंत उतरते. घाटात सतत पाय ठेवला की चाकांची उष्णता ऑइलपर्यंत पोचते आणि नळीत वाफ धरते. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल तळाला जाते. त्यातून डिझेल वाचवायला तो न्यूट्रलमध्ये उतरत होता आणि दोनदा त्याने इंजिनही बंद केले होते. ब्रेक दाबताना पायाला जोर देणारा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो, आणि डिझेल इंजिनावर त्यासाठी व्हॅक्यूमचा वेगळा पंप असतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांतच संपतो. त्या मुलाने गाडीवर दीड लाख रुपये घातले होते. रुंद टायर, पुढे लोखंडी गार्ड, टपावर लाईटची पट्टी, आत प्लायवूडचा पलंग आणि ओटा. ब्रेकवर एक रुपयाही नाही. मला त्याचा राग आला नाही, वाईट वाटले. त्याला हे सांगणारे कुणी भेटलेच नव्हते.

माझी गाडी १९९८ ची टेम्पो ट्रॅव्हलर. तेव्हा कंपनीचे नाव बजाज टेम्पो होते, फोर्स मोटर्स नंतर, २००५ मध्ये झाले. इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ जातीचे, चार सिलिंडरचे, २.४ लिटरचे. त्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. हीटर प्लग (गार इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारा) आणि डिझेलचा पंप नीट असेल तर ते कुठेही चालू होते. शाळेची पोरे वाहून झाल्यावर ती गाडी पाच वर्षे बाभळीखाली उभी होती. मी घेतली तेव्हा टाकीतल्या डिझेलचा वार्निशसारखा डिंक झाला होता आणि तळाला चार बोटे पाणी होते.

पहिले आठ महिने मी तिच्यात एक खिळाही ठोकला नाही. टाकी उतरवून धुतली, नोझल तपासून घेतले, डिझेलच्या नळ्या नव्या टाकल्या, जुन्या नळ्या हवा धरत होत्या. ब्रेकचे मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, लायनर, सगळे नवे. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांतला एक तुटलेला होता, दोन बसले होते. रेडिएटर उघडला तर निम्म्या नळ्या क्षाराने बुजलेल्या. आपल्याकडे विहिरीचे, बोअरचे जड पाणी सर्रास रेडिएटरमध्ये ओततात, त्याचा हा परिणाम. कूलंट महाग वाटते, पण इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचे पॅकिंग) गेल्यावर जो खर्च येतो त्यापुढे ते काहीच नाही. आणखी एक सवय आपल्या भागात फार आहे: उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिनातले पाणी तापल्यावर रेडिएटरकडे सोडणारी झडपच, काढून टाकतात. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो, तिथे तो काढला की पाणी रेडिएटरमधून पूर्ण न जाता मधल्या वाटेने परत फिरते आणि इंजिन उलट जास्त तापते. मीही सुरुवातीला काढला होता. मे महिन्यात अकोटच्या रस्त्यावर तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला तेव्हा परत बसवला.

मग आतले घर झाले. पलंग, दोन कप्पे, ६० लिटरची पाण्याची टाकी, १०० अँपिअर-तासांची वेगळी बॅटरी. टाकी मी टपावर नेली नाही, मागच्या एक्सलच्या थोडी पुढे, जमिनीलगत बसवली. सगळे झाल्यावर ओळखीच्या जिनिंगवर गेलो आणि कापसाच्या गाड्या ज्या काट्यावर चढतात त्यावर व्हॅन चढवली. पाणी, डिझेल, भांडीकुंडी आणि आम्ही चौघे आत. वजन आरसीवर लिहिलेल्या, भरलेल्या गाडीच्या एकूण वजनापेक्षा १९० किलो जास्त भरले! मी स्वतः यांत्रिक, प्रत्येक वस्तू हातात धरून बसवलेली, तरी १९० किलोंचा अंदाज चुकला. नंतर फक्त मागची चाके काट्यावर ठेवून पाहिले, तर बहुतेक जास्तीचा भार मागेच होता. जाड प्लायवूड काढून पातळ घातले, लोखंडी चौकटीऐवजी अॅल्युमिनिअम वापरले, टपावरची जाळी काढली. पुन्हा काट्यावर गेलो. तिसऱ्या खेपेला आकडा बसला. काट्याची पावती मी आरसीच्या पाकिटातच ठेवतो.

ऑफ-रोड हा शब्द या मुलांच्या तोंडी फार असतो. व्याघ्र प्रकल्पाच्या आत स्वतःची गाडी रस्त्याखाली उतरवता येत नाही आणि उतरवूही नये, ते वाघाचे, गव्याचे घर आहे. आपले ऑफ-रोड म्हणजे पांदण रस्ता, शेतांमधली कच्ची वाट. आंबिया बहाराची तोड आटोपली की चांदूर बाजार, मोर्शीकडच्या ओळखीच्या संत्र्याच्या बागांत आम्ही मालकाला विचारून मुक्काम करतो. शेवटचे दोन किलोमीटर पांदणच असते. सुक्या दिवसांत दोन चाकांची ओढ असलेली व्हॅनही तिथे आरामात जाते. पाऊस पडला की काळ्या मातीत कुठलाही महाग टायर चालत नाही. माती टायरच्या खाचांत भरते आणि चाकाचा गुळगुळीत गोळा होतो. अशा वेळी गाडी रेटण्यापेक्षा दोन दिवस ऊन पडायची वाट पाहणे बरे. टायरमधली हवा थोडी कमी करून वाळूतून निघता येते, पण डांबरावर यायच्या आधी ती भरलीच पाहिजे, म्हणून हवेचा छोटा पंप गाडीत असू द्या. टायरचा आकार मात्र वाढवू नका. चाक मोठे झाले की स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो, इंजिनाची ओढ कमी पडते आणि ब्रेकवरचा ताण वाढतो.

नाल्यातून जायचे तर एक छोटी गोष्ट कुणी सांगत नाही. मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या चाकांना ओढ देणाऱ्या दात्यांच्या डब्याच्या, डोक्यावर हवा सोडणारे एक भोक असते, त्याला ब्रीदर म्हणतात. रस्त्यावर तापलेले डिफरन्शियल गार पाण्यात शिरले की आतली हवा आकसते आणि त्या भोकातून पाणी ओढले जाते. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात गुडघाभर पाण्याचा नाला ओलांडला, आठवड्याने मागून घरघर सुरू झाली. बूच काढले तर ऑइल ताकासारखे पांढरे. बेअरिंग गेले होते. आता ब्रीदरला रबरी नळी जोडून ती चेसिसच्या वर नेली आहे, खर्च ८० रुपये. आणि पाण्यात इंजिन बंद पडले तर सेल्फ मारू नका. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, हीटर प्लग काढून पाणी बाहेर फेकले जाईपर्यंत इंजिन फिरवा, मगच पुढचे.

पुरवणीतल्या त्या सिलिंडरबद्दल कळकळीने सांगतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की पलंगाखाली, पायांजवळ साठतो. वरची खिडकी उघडी असून उपयोग नाही, भोक जमिनीलगत पाहिजे. झोपण्याच्या जागी सिलिंडर नकोच. आम्ही शेगडी बाहेर, झाडाखाली मांडतो. दुसऱ्या बॅटरीच्या तारेला बॅटरीपाशीच फ्यूज लावा, लांब नेऊन नाही. तार पत्र्याला घासली की आग लागायला एक मिनिट पुरते.

आता कायद्याचे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मनाने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. पुढचे लोखंडी गार्ड तर केंद्राने डिसेंबर २०१७ पासूनच बेकायदा म्हणून राज्यांना कळवलेले आहे. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्याचे स्वागत आहे. पण खेड्यातल्या मुलाला, सीट काढून पलंग टाकायचा तर कुठला अर्ज करायचा, हे मराठीत सांगणारा कागद मला कुठे मिळाला नाही. माझ्या सीटची संख्या आरसीवर बदलून घ्यायला चार खेपा लागल्या. प्रत्येक खिडकीवर वेगळे उत्तर मिळाले. मला वेळ होता, मी गेलो. ज्याला वेळ नाही तो वेल्डिंगच्या दुकानात जातो.

म्हणून माझी मागणी अशी. परिवहन अधिकारी ठरलेल्या दिवशी तालुक्याला कॅम्पसाठी येतात, तिथे एक पानी मराठी पत्रक ठेवावे: कुठली दुरुस्ती न विचारता करता येते, कुठल्या बदलाला परवानगी लागते, कुठला बदल कधीच चालत नाही. त्याच दिवशी जवळच्या काट्यावर अशा व्हॅन विनामूल्य तोलून द्याव्यात. आयटीआयच्या मेकॅनिक डिझेल शाखेच्या मुलांना त्या कामाला बरोबर घेतले तर त्यांचाही हात बसेल. आपल्यालाही विनंती की असे फोटो पुन्हा छापाल तेव्हा त्या गाडीचे आरसीवरचे वजन आणि काट्यावरचे वजन शेजारी छापावे.

अकोल्याच्या त्या मुलाचा गेल्या आठवड्यात फोन आला होता. म्हणाला, "काका, गार्ड काढला, टाकी खाली घेतली. ऑइलबी बदललं. काटा कराले येऊ का?" रविवारी बोलावले आहे. आणखी कुणाला यायचे असेल तर आरसी घेऊन, पाण्याची टाकी भरून यावे. जिनिंगच्या मालकांनी काट्याचे पैसे घेणार नाही असे सांगितले आहे.

आपला,
एक निवृत्त एस.टी. यांत्रिक,
ता. अचलपूर, जि. अमरावती