अर्ज माझा मला भरता आला, त्याबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्ही म्हणालात, म्हणून लिहीत नाही. संस्थेचंही लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. तुम्ही जे केलंत ते करायला तुम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि ते कसं केलंत हे तुमच्या, म्हणजे वेबसाइट बनवण्याच्या, क्षेत्रातल्या इतरांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडा संदर्भ. मी पूर्णपणे अंध आहे आणि संगणक स्क्रीन रीडरवर, म्हणजे मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवते. एका अभ्यासक्रमाचा प्रवेश अर्ज फक्त ऑनलाइन भरायचा होता आणि तो मला काही केल्या भरता येत नव्हता. मी ईमेल पाठवला. दोन ओळींचं उत्तर आलं: घरच्या कोणाची तरी मदत घ्या, नाहीतर कार्यालयात या, आमचा माणूस भरून देईल. तो ईमेल फिरत फिरत तुमच्यापर्यंत पोचला आणि तुम्ही वेगळंच उत्तर दिलंत. तुम्ही विचारलंत, "अर्ज उघडल्यावर तुम्हाला नेमकं काय ऐकू येतं?"

मला हा प्रश्न त्याआधी कोणी विचारलेला नव्हता. लोक मदत करायला तयार असतात, मनापासून तयार असतात, पण अडतं कुठे हे विचारायच्या आधीच ते काम हातात घेतात. मी तुम्हाला ध्वनिमुद्रण पाठवलं. त्यात होतं ते असं: "एडिट, रिकामं. एडिट, रिकामं. एडिट, रिकामं. बटन. बटन. ग्राफिक." एवढंच. कोणत्या चौकटीत नाव लिहायचं, कोणत्या चौकटीत जन्मतारीख, काही पत्ता नाही. पडद्यावर प्रत्येक चौकटीच्या डोक्यावर व्यवस्थित अक्षरं होती, असं तुम्हीच नंतर सांगितलंत. फक्त कोडमध्ये त्या अक्षरांचा चौकटीशी संबंध जोडलेला नव्हता.

हे ज्यांना नवीन असेल त्यांच्यासाठी सांगते. स्क्रीन रीडर पडद्याकडे बघत नाही. ब्राउझर पानाच्या कोडवरून आतल्या आत एक रचना तयार करतो: हे शीर्षक, ही चौकट, हे बटन, त्याचं नाव हे, ते आत्ता चालू आहे की बंद. स्क्रीन रीडर ती रचना आवाजात किंवा ब्रेलमध्ये आणतो. त्या रचनेत चौकटीला नाव नसेल, तर जगातला कितीही चांगला स्क्रीन रीडर असला तरी तो "एडिट, रिकामं" यापलीकडे फारसं काही सांगू शकत नाही. आणि नाव जोडायला लागते ती लेबलची एक ओळ.

मी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरते. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने तो लिहायला घेतला आणि त्याचा मित्र जेम्स टेह, तोही अंध, त्याला येऊन मिळाला. तेव्हा बाजारात स्क्रीन रीडर होते, पण त्यांची किंमत संगणकापेक्षाही जास्त असायची. जो संगणक डोळस माणसाला विकत घेतल्या क्षणापासून वापरता येतो, तोच वापरायला अंध माणसाने वेगळे पैसे का मोजायचे? या एका प्रश्नापायी त्यांनी तो मोफत ठेवला आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. त्यांचे आभार मी मनात रोज मानते. तुम्हालाही तो उतरवून घेता आला तो याच कारणामुळे. तुम्ही तो आपल्या संगणकावर चढवलात, मॉनिटर बंद केलात, माउस बाजूला सारलात आणि स्वतः बनवलेला अर्ज स्वतः भरायला बसलात. पहिल्या पानाच्या पुढे जाता आलं नाही, असं तुम्ही मला त्याच संध्याकाळी कळवलंत.

इथे तुमची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मॉनिटर बंद करून बसलं म्हणजे अंध माणसाचा अनुभव आला, असं तुम्ही धरलं नाहीत. मी वर्षानुवर्षं स्क्रीन रीडर ऐकतेय. मी पान वरून खालपर्यंत ऐकत बसत नाही. एच दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जाते, एफ दाबून चौकटींवर, बी दाबून बटनांवर, आणि आवाज इतका वेगात ठेवते की शेजारच्याला त्यातलं अक्षर कळत नाही. नवख्या माणसाला जे अवघड वाटतं ते मला सोपं असतं, आणि मी जिथे अडते तिथे नवखा पोचलेलाच नसतो. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर तुम्ही मला ते पान तपासायला पाठवलंत, आणि त्या कामाचं मानधन मिळावं म्हणून संस्थेशी बोललात. अपंग माणसाचा वेळ फुकट असतो, हे तुम्ही गृहीत धरलं नाहीत. हे मी विसरणार नाही.

दुरुस्त्यांबद्दल सगळं लिहीत नाही, पण काही सांगायलाच हव्यात. 'पुढे' हे बटन मुळात बटनच नव्हतं. तो रंगवलेला एक डिव्ह होता, म्हणजे कोडमधला नुसता चौकोन. माउसने दाबला की चालायचा, पण टॅब दाबत गेलं की मी त्याच्यावरून निघून जायची आणि तिथे काही आहे हे मला कळायचंही नाही. तुम्ही तिथे खरं बटन बसवलंत. मग एंटर आणि स्पेसबार आपोआप चालू लागले, स्क्रीन रीडर "पुढे, बटन" म्हणू लागला. वेगळं काहीच लिहावं लागलं नाही, असं तुम्ही आनंदाने कळवलं होतंत. जन्मतारखेसाठी फक्त माउसने उघडणारं कॅलेंडर होतं, तिथे तारीख टाइप करायची सोय केलीत. चूक झाली की चौकटीची कड लाल व्हायची, बाकी काही नाही. आता चूक काय आहे ते वाक्यात लिहून येतं, ते वाक्य त्या चौकटीशी जोडलेलं असतं आणि कर्सर तिथेच जाऊन थांबतो. वेड्यावाकड्या अक्षरांचं ते चित्र तुम्ही काढूनच टाकलंत. मी यंत्र नाही, माणूस आहे, हे सिद्ध करण्यासाठी मला न दिसणारं चित्र वाचायला सांगणारी ती पायरी मला दर वेळी बोचायची.

आणि वेळेचं. अर्ज ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद व्हायचा आणि भरलेलं सगळं पुसलं जायचं. याबद्दल नियम आहे, हे मला तुमच्यामुळे कळलं. वेबचे तांत्रिक मानदंड ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेची सुगम्यतेची, म्हणजे अपंगांनाही वेब वापरता यावं यासाठीची, मार्गदर्शक तत्त्वं मे १९९९ मध्ये पहिल्यांदा निघाली, दुसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये, आणि २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्यांत वेळेच्या मर्यादेसाठी जे पर्याय दिले आहेत त्यांतला एक असा: वेळ संपण्याआधी माणसाला सावध करावं, ती वाढवायला निदान २० सेकंद द्यावीत, एखादी कळ दाबण्याइतक्या सोप्या कृतीने ती वाढावी, आणि अशी निदान १० वेळा वाढवता यावी. कोणीतरी बसून इतक्या बारकाईने हा विचार केला आहे. ते वाचून मला फार बरं वाटलं. ज्याचा हात थरथरतो, ज्याला वाचायला वेळ लागतो, जो तोंडात काडी धरून एकेक कळ दाबतो, त्या प्रत्येकासाठी ती २० सेकंदं आहेत.

वरून सूचना आली होती, तीही आठवते. एक तयार स्क्रिप्ट, म्हणजे पान आपोआप सुगम्य करतो म्हणणारा कोड, विकत घ्या, पानात एक ओळ टाका, कोपऱ्यात सुगम्यतेचं चिन्ह येईल, काम झालं. तुम्ही नाही म्हणालात. माझंही मत तेच होतं आणि आहे. ज्या चौकटीला नाव नाही तिचं नाव बाहेरून बसवलेली स्क्रिप्ट फार तर अंदाजाने ठरवते, आणि प्रवेश अर्जात अंदाज चालत नाही. शिवाय अशा काही स्क्रिप्ट आमच्या स्क्रीन रीडरच्या कामात लुडबुड करतात, मग जे आधी चालत होतं तेही बिघडतं. आपोआप तपासणी करणाऱ्या साधनांचंही मर्यादेतच कौतुक करावं. चित्राला वर्णन म्हणून 'इमेज १' असं लिहिलं तर कित्येक साधनं ते मुकाट्याने पास करतात. वर्णन आहे की नाही ते यंत्राला कळतं. त्या वर्णनावरून मला काही कळलं का, ते मलाच विचारावं लागतं.

पण ताई, हे सगळं तुम्ही केलं नसतंत तर काय झालं असतं? अर्ज भरला गेलाच असता. कार्यालयातल्या माणसाने भरून दिला असता. मग यात एवढं आभार मानण्यासारखं काय, असं एका ओळखीच्या बाईंनी मला विचारलं. त्यांना जे सांगितलं ते इथेही सांगते.

त्या अर्जात माझ्या घरचं उत्पन्न होतं. माझा आजार होता, तो कधीपासून आहे हेही होतं. शेवटी पासवर्ड ठरवायचा होता आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा होता. हे सगळं एका अनोळखी माणसाला, काउंटरवर, मागे रांग उभी असताना मोठ्याने सांगायचं. तो भला असेलही. पण त्याने नेमकं काय टाइप केलं हे मला कळणार नाही, आणि माझा पासवर्ड त्यालाही ठाऊक असणार. आयुष्यभर बँकेत, दवाखान्यात, परीक्षेत हेच करत आले आहे. खाजगी असं काही उरत नाही, आणि त्याबद्दल बोललं तर आपण कृतघ्न ठरतो. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी संमत झाला. त्यात सुगम्यतेसाठी कलम ९ आहे आणि खाजगीपणासाठी वेगळं कलम २२ आहे. ही दोन कलमं माझ्या बाबतीत एका अर्जात एकत्र आली. पहिलं नसेल तर दुसरं कागदावरच राहतं.

ही गरज जुनी आहे. इटलीत पेलेग्रिनो तुरी नावाच्या माणसाने दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी कॅरोलिना फांतोनी या अंध झालेल्या सरदार घराण्यातल्या स्त्रीसाठी अक्षरं उमटवणारं यंत्र बनवलं. ते यंत्र आज नाही, पण तिने त्यावर लिहिलेली १८०८ मधली पत्रं शिल्लक आहेत. टाइपरायटरच्या इतिहासात हे यंत्र अगदी सुरुवातीच्या यंत्रांमध्ये गणलं जातं. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं की तिला आता आपलं पत्र कोणाला सांगून लिहून घ्यावं लागणार नव्हतं.

तुम्ही माझं काम करून दिलं नाहीत. ते मला करता येईल असं केलंत. आणि अर्ज दुरुस्त झाला तो एकट्या माझ्यासाठी नव्हे. हात मोडलेल्या एका मुलीने तो फक्त कीबोर्डवर भरला, असं तुमच्याकडून कळलं. एका आजोबांनी अक्षरं दुप्पट मोठी करून भरला आणि पान कुठे तुटलं नाही. त्यांना कोणाला ईमेल पाठवावा लागला नाही, विनंती करावी लागली नाही, आपण कोण आणि आपल्याला काय होतं हे सांगावं लागलं नाही. त्यांच्यातल्या कोणालाही तुमचं नाव ठाऊक नाही. म्हणून त्यांच्याही वतीने आभार मानते.

एक काम राहिलं आहे, तेही सांगून टाकते, कारण लपवून ठेवलेलं तुम्हाला आवडणार नाही. शुल्क भरल्यावर जी पावती येते ती पीडीएफ आहे, पण आत नुसतं चित्र आहे. स्क्रीन रीडर तिला रिकामं पान म्हणतो. रक्कम बरोबर आहे का, अर्ज क्रमांक कोणता, हे मला अजून दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं. मजकूर असलेली, शीर्षकांना आणि तक्त्याला खुणा जोडलेली पावती तयार करता येते का, ते एकदा बघा. आणि तिच्या कोडमध्ये भाषाही नोंदवा, नाहीतर आवाज भलत्याच भाषेच्या उच्चारात वाचू लागतो. नमुना झाला की पाठवा, मी त्याच दिवशी तपासून कळवते. ब्रेल डिस्प्लेवरही, म्हणजे पडद्यावरची अक्षरं ब्रेलच्या टिंबांत उठवणाऱ्या यंत्रावरही, बघते, कारण आकडे ऐकण्यापेक्षा बोटांखाली लवकर पडताळता येतात.

प्रवेश मिळाला आहे. वर्ग सुरू झाले आहेत.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
एक विद्यार्थिनी