काकू, त्या काळ्या पेटीबद्दल आभार

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

सुभेदारकाकांच्या तेराव्याला १९६५, १९७१, छातीवरची पदकं याबद्दल सगळे भरभरून बोलले. ते खरंच आहे. पण आमचे आभार आहेत ते निवृत्तीनंतर दारातल्या कट्ट्यावर बसून त्यांनी केलेल्या माजी सैनिकांच्या पेन्शनच्या कागदांच्या कामाबद्दल, आणि त्यांची काळी लोखंडी पेटी तुम्ही आमच्या हाती दिलीत त्याबद्दल. तुम्हाला यातलं सगळं पाठ आहे. तरी खुलासेवार लिहितोय, कारण हे पत्र इतर माजी सैनिकांच्या घरांतही वाचलं जावं.

पेटीवर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. सुट्टी संपवून बेळगावला निघताना तिच्यात तुम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरून द्यायचात. आता झाकणाच्या आत त्यांच्या अक्षरातली यादी चिकटवलेली आहे: डिस्चार्ज बुक (निवृत्त होताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), पासबुक, दोघांचं आधार आणि पॅन, ईसीएचएस कार्ड (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं), मुलांचे जन्मदाखले. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. मूळ कागद कुणाच्याही हातात द्यायचा नाही, हे लाल शाईत.

कुणाचंही काम घेताना काकांची अट एकच: जोडीनं या. नवरा एकटा आला तर त्याला तुमच्या हातचा चहा मिळायचा, काम नाही. कारण खरी अडचण बायकोच्या नावात असते. आपल्या सोलापुरात तर फारच. माहेर तेलुगू किंवा कन्नड, सासर मराठी. लग्नाची नोंद करताना युनिटातल्या क्लार्कनं कानाला लागलं तसं लिहिलेलं. डिस्चार्ज बुकात लक्ष्मम्मा, आधारवर लक्ष्मीबाई, आणि जन्मतारीख म्हणाल तर निम्म्याजणींची १ जानेवारी! पीपीओत बायकोचं नाव नसेल किंवा चुकलं असेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे, अर्ज करून दुरुस्त पीपीओ मागवावा लागतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर दलाचं खडकीला. अर्जाला जोडीचा फोटो, प्रतिज्ञापत्र आणि नवऱ्याची सही हवी. तो असताना हे काम एका अर्जाचं. तो गेल्यावर त्याच बाईला लग्नाचे पुरावे गोळा करत फिरावं लागतं.

जन्मतारखेवर ते अडूनच बसायचे. वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. फॅमिली पेन्शनलाही हेच लागू. रेकॉर्डवर बाईची तारीखच नसेल तर वाढ लागणार कशी?

आणखी एक गोष्ट ते नवऱ्यादेखत बायकोला सांगायचे. पेन्शन शेवटच्या पगाराच्या ५० टक्के, फॅमिली पेन्शन साधारण ३०. म्हणजे घरात १०० येत होते तिथे ६० येणार. ऐकायला कडू, पण आधी सांगितलेलं बरं, असं त्यांचं मत. आमचंही.

बँकेत खातं जोडीचं, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ अशा पद्धतीचं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत, आणि दाखल्यावर नाव डिस्चार्ज बुकातलंच; गल्लीत म्हणतात ते अण्णा-बापू नको. पेन्शन मृत्यूच्या तारखेपर्यंतची, दुसऱ्या दिवसापासून फॅमिली पेन्शन. इथे हमखास गफलत होते. ‘स्पर्श’वर, म्हणजे सैनिकांच्या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर, कळवायचं राहतं, पेन्शन जमा होत राहते, मुलगा सवयीनं एटीएममधून काढत राहतो, आणि पुढे आईच्या पेन्शनमधून वसुली लागते.

नोव्हेंबर हा कट्ट्यावरचा गर्दीचा महिना. हयातीचा दाखला! ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच काढता येतो, म्हणून त्यांचा नंबर आधी. जन्मभर विड्या वळलेल्या बायांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. मशीन काही केल्या ठसा घेत नाही. काका कोमट पाण्यानं हात धुवायला लावत, कोरडे पुसून खोबरेलाचा थेंब चोळत, पुन्हा पुसत, मग एकेक करत दहाही बोटं. तरी नाही जमलं तर मोबाइलवर चेहरा. चष्मा काढायचा, उजेड समोरून हवा, दाराकडे पाठ करून बसलं की चेहरा काळा येतो. आणि पेन्शन देणारी संस्था म्हणून ‘स्पर्श’च निवडायचं. सवयीनं जुनी बँक टाकली की दाखला निघतो, पण पोचत नाही. पेन्शन थांबल्यावर कळतं.

पदकांना मात्र त्यांनी कधी पॉलिश लावलं नाही. घासून घासून कडेवरचा नंबर आणि नाव पुसट होतं म्हणायचे. वर्षातून एकदा, १४ जानेवारीला माजी सैनिक दिनी, मऊ फडकं फिरवून कोटावर लावायची, आणि संध्याकाळी त्याच कोटात नातवाला खांद्यावर घेऊन गड्ड्याच्या जत्रेत.

काकू, त्यांच्या स्वतःच्या कागदांत आम्हाला एकही दुरुस्ती करावी लागली नाही. तुमचं नाव सगळीकडे एकच. जोडीच्या फोटोच्या दोन जादा प्रतीसुद्धा पाकिटात होत्या.

पेटी परत पाठवतोय. यादीची झेरॉक्स काढून घेतली आहे, मूळ आहे तशीच झाकणावर आहे. तुमचा पहिला दाखला नोव्हेंबरात काढू. दहानंतर कट्ट्यावर उजेड चांगला असतो, तेव्हा येतो. चष्मा काढून ठेवा.

आपली,
कट्ट्यावर येणारी माजी सैनिकांची कुटुंबं, सोलापूर