यंदाचा नोएल, म्हणजे नाताळ

वाक्वा, मॉरिशस, २० डिसेंबर

चि. छकुली,

काल फोन मीच आधी ठेवला. त्यावरून आई संध्याकाळभर माझ्याशी बोलली नाही. तिकिटाचा विषय पत्रात काढणार नाही असं तिला कबूल केलंय, तेव्हा तो नाहीच.

पण ‘बाबा, नोएल आपला सण थोडाच आहे’ हे तुझं वाक्य लागलं. पुण्यात कुणी हसलं का तुला? अगं, आपल्या गणपतीच्या विसर्जनाला लॉरी चालवतो तो शेजारच्या तांतीनचा थोरला. ‘हा तुझा सण आहे का’ असं त्याला कधी विचारलं आपण? या बेटावर तिघांतला जवळपास एक माणूस ख्रिस्ती आहे, कुंपण एक, विहीर एक, आणि... बघ, वर्गात उभा असल्यासारखा सुरू झालो. सोड.

इकडे गुलमोहर, आपला बुके बनाने, पेटलाय. पहिल्या वर्षी तू मे महिन्यात फोटो पाठवला होतास, ‘बाबा, इथे बुके बनाने उन्हाळ्यात फुलतो!’ इथेही तो उन्हाळ्यातच फुलतो गं, आपला उन्हाळा डिसेंबरात येतो एवढंच.

सहा वर्षांची असताना तू हट्ट धरला होतास की एवढ्या उकाड्यात लोकरीचा कोट घालून येणाऱ्या पापा नोएलला आधी थंड दुधाचा आलुदा द्यायचा. खिडकीत पेला भरून ठेवलास. रात्रीत त्याला मुंग्या लागल्या. आईने पहाटे पेला धुऊन पालथा घातला आणि तू दिवसभर फ्लिक आँ फ्लाकच्या किनाऱ्यावर भेटेल त्याला सांगत होतीस, ‘सगळा प्यायला!’ सुरूच्या सावलीत बिर्याणीची डेग, तांतीनच्या धाकट्याचा डफासारखा रावान, आणि सेगा नाचताना तुझी एक चप्पल समुद्राने नेली. ती निळी. दुसरी अजून मागच्या खोलीत आहे, आई टाकू देत नाही.

बोनस जमा झाला. तेरावा पगार पुरा मिळाला. नुसतं सांगतोय.

तुला पुण्यात नोकरी मिळाल्याचं मी शाळेत शिपायापासून सगळ्यांना सांगितलं. मॉरिशसची पोरगी पुण्यात मुलाखतीला मराठीत बोलली म्हणून! छाती फुगली माझी. मग घरी येताना बसमध्ये उगाच पणजोबांचे वडील आठवले. पोर्ट लुई बंदरातल्या आप्रवासी घाटाच्या त्या सोळा पायऱ्या चढले तेव्हा मजुरीचा करार पाचच वर्षांचा होता. रत्नागिरीत त्यांची आई किती वर्षं वाट बघत बसली असेल, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही. तुझी ही नोकरी किती वर्षांची आहे?

नको, उत्तर देऊ नकोस. तुझं आयुष्य आहे. मला तसं म्हणायचं नव्हतं.

चोवीसला रात्री कॅम्पातल्या चर्चमध्ये जाऊन ये जमलं तर. स्वेटर घाल, खोकला गेला नाहीये तुझा, फोनवर ऐकू येतो. तांतीन मध्यरात्रीच्या मिसाला तुझ्या नावाची मेणबत्ती लावणार आहे. तिने विचारलं, ‘पोर केव्हा येणार?’ मी म्हटलं, कामात आहे.

झाडाला यंदा लिची लगडल्यात. वटवाघळांसाठी जाळी टाकली, तरी निम्म्या त्यांनीच खाल्ल्या. उरलेल्यांतल्या दोन पिशव्या फ्रीजरमध्ये ठेवल्यात. साल काळी पडते, पण आतला गर नीट राहतो म्हणे. मार्चपर्यंत तरी.

तुझा,
बाबा