मामा, त्या चार बोटं रबरासाठी

उद्यमनगरातले काच-बीडिंगवाले मामा,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला आणि मॅटाडोरमध्ये एक थेंब आला नाही. जुलैच्या झडीत गाडी दोनदा गगनबावड्याला जाऊन आली, तरी पायाखालची मॅट कोरडी ठणठणीत. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून कामाला लागता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

तुमच्याकडे येण्याआधी हेच काम दोन ठिकाणी पैसे मोजून करून झालं होतं. पहिल्यानं पुढच्या काचेच्या कडेनं सिलिकॉनची अख्खी नळी रिकामी केली. तेच ते व्हिनेगरसारख्या वासाचं स्वस्त सिलिकॉन. वाळताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि उघडा पत्रा खातं. गळती राहिली बाजूलाच, खालच्या दोन्ही कोपऱ्यांत गंज फुगून वर आला. दुसऱ्यानं तर मागच्या खिडकीत घराला लावतात ती साधी चार मिलिमीटरची काच कापून घातली, तीही रबराच्या पाच मिलिमीटरच्या खाचेत. गाडीला पुढं लॅमिनेटेड, म्हणजे मधे प्लॅस्टिकचा थर असलेली काच लागते, बाजूला आणि मागं निदान टफन, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली तरी. टफन काच भट्टीतून आली की कापता येत नाही. माप, भोकं, कडांची घासाई सगळं आधीच करावं लागतं. तेवढी तसदी कोण घेणार? साधी काच फुटली की तिचे सुरे होतात, आणि त्या खिडकीला टेकून लहान पोरं बसत होती. ते आठवलं की अजून डोकं तापतं.

तुम्ही मात्र काचेला हात लावायच्या आधी रबर सोलून पत्रा उघडा केलात. तारेच्या ब्रशनं गंज खरवडला, जिथं भोक पडलं होतं तिथं नवा पत्रा जोडून घेतलात, प्रायमर आणि रंग पुरता वाळेपर्यंत गाडी तशीच ठेवलीत. "गंजावर नवीन रबर म्हणजे जखम झाकायला पॅन्ट," असं म्हणालात ते पटलं. काचेचा फर्मा जुन्या काचेवरून काढला नाही, चौकटीवरून काढला, आणि रबराच्या काचेकडच्या आणि पत्र्याकडच्या खाचांमधल्या भिंतीची जाडी चारही बाजूंनी वजा केली. जुनी काचच चुकीची असेल तर तिच्यावरून घेतलेलं मापही चुकणार, हे आधीच्या दोघांना सुचलं नव्हतं.

बीडिंग, म्हणजे काचेभोवतीचं ते रबर, तुम्ही घेरापेक्षा बोटभर लांब कापलंत आणि दाबून बसवलंत. ताणून बसवलेलं रबर पुढं आखडतं आणि सांध्यात फट पडते. सांधा वरच्या बाजूला, मधोमध. पाणी साचतं ते खाली आणि कोपऱ्यात, तिथं सांधा नकोच. मग रबराच्या पत्र्याकडच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवून तिची टोकं खाली मध्यावर वीतभर एकमेकांवरून घेतलीत. वंगणाला फक्त साबणाचं पाणी. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं तर काच सर्रकन बसते खरी, पण तेलानं रबर फुगतं आणि मऊ पडतं. बाहेरून पोरगा तळहातानं काच दाबत होता, आतून तुम्ही दोरी ओढत होता, आणि रबराचा ओठ पत्र्यावर बोट बोट पलटत होता. एका कोपऱ्यात ओठ दुमडला तेव्हा स्क्रूड्रायव्हर घालून रेटलं नाही, काच पुन्हा उतरवली. टफन काचेच्या कडेला लोखंडाचा टोला बसला तर सगळी काच भुगा होऊ शकते.

आतलं काम पाण्याच्या चाचणीनंतरच. पाइपचं पाणी खालून सुरू करून हळूहळू वर नेलं, म्हणजे गळती नेमकी कुठून ते कळतं. तुम्ही आत टॉर्च घेऊन बसला होता. दाराच्या आतल्या कुजक्या हार्डबोर्डच्या जागी तीन मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय आला, आणि त्याच्या बुडाच्या कडेला वार्निशचे दोन हात, कारण पाणी तिथूनच चढतं. मागं प्लॅस्टिकचा कागद लावलात आणि दाराच्या बुडाची भोकं तारेनं मोकळी केलीत. दारात पाणी शिरणारच, ते खाली निघून गेलं पाहिजे, एवढी साधी गोष्ट. वरच्या रेक्झिनला आणि प्लायला दोन्हीकडं चिकटवायचं सोल्यूशन लावून ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबलात, म्हणून आजही कुठं फुगा नाही.

पण मामा, पत्र लिहायला बसलो ते यासाठी नाही. गाडी न्यायला आलो तेव्हा तुम्ही खिशातून जुन्या बीडिंगचा चार बोटं तुकडा काढून दिलात. स्वच्छ धुतलेला, बारीक तारेनं चिठ्ठी बांधलेला. चिठ्ठीवर पेन्सिलीनं: काच 5, पत्रा दीड, सांधा वर. "दुकानात गाडीचं नाव सांगू नका, हा दाखवा. पुढच्या वेळी मी असेन-नसेन." नाव सांगितलं की दुकानदार हाताला येईल ते रबर देतो; तुकड्याचा आडवा छेद, म्हणजे कापलेल्या टोकाचा आकार, मिळाला तरच खाच जुळते. हे तुम्ही स्वतःजवळ ठेवलं असतं तर गिऱ्हाईक कायमचं तुमचंच राहिलं असतं. हातातली विद्या अशी सहज देऊन टाकणारी माणसं अजून आहेत, आणि त्यांच्याच जिवावर ह्या जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत.

तुकडा आरसी बुकाच्या पाकिटात ठेवलाय. सरकत्या काचेचं वेलवेट चॅनल, म्हणजे काच सरकते ती मखमली पट्टी, तेवढं राहिलंय, दसरा झाला की गाडी घेऊन येतो.

आपला,
मॅटाडोरवाला