बाबा, मी हरळी लावते

नागपूर, १२ ऑक्टोबर

ती. बाबांना आणि आईला,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "शेतकी कॉलेजात चार वर्षं घालवून गवतच कापायचं होतं, तर आपल्या धुऱ्यावर काय कमी होतं?" आई मागून हसली तेही ऐकू आलं. मीही हसले. पण फोन ठेवल्यावर दिवसभर ते डोक्यात घोळत राहिलं. फोनवर आपलं बोलणं नेहमी अर्धंच होतं. तिकडे लाइन आली की बाबांना मोटर सुरू करायची असते, इकडे मला कोणीतरी हाक मारतं. म्हणून लिहायला बसले. बाबांनी चष्मा लावून आईला मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि मधलं काही गाळायचं नाही.

आधी कबुली देऊन टाकते. बाबा, ज्या हरळीला तुम्ही जन्मभर शिव्या घातल्या, वखराच्या पाशीत अडकलेली जिची मुळं तुम्ही धुऱ्यावर नेऊन जाळलीत, तीच हरळी मी लावते. पगार घेऊन लावते. गोल्फच्या मैदानावर जिथे ते भोक असतं, त्या भोवतालच्या तुकड्याला ग्रीन म्हणतात. तिथे आपल्या हरळीचीच सावत्र बहीण असते, टिफड्वार्फ नावाची. अमेरिकेत टिफ्टन म्हणून गाव आहे, तिथल्या संशोधन केंद्रातून ही १९६५ साली बाहेर आली. आपली हरळी आणि आफ्रिकेतली एक बारीक पात्याची हरळी यांच्या संकराच्या घराण्यातली. खेचरासारखी आहे, हिला बी धरत नाही. कांड्या तोडून, उसाच्या बेण्यासारख्या लावाव्या लागतात. आमच्या इथले सगळ्यात जुने माळी आहेत, सगळे त्यांना काकाजी म्हणतात. कांड्यांची पहिली पोती उतरली तेव्हा ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, हे पैसे देऊन आणलं? आमच्या वावरातून फुकट नेलं असतं ना, वरून चहा पाजला असता."

काम काय आहे ते एकदा सांगते, मग पुढचं कळेल. नऊ होलचा, म्हणजे नऊ भोकांचा, गोल्फ कोर्स आहे, पन्नासेक एकर. मी फेब्रुवारीत आले तेव्हा गेली काही वर्षं कोणी लक्षच दिलेलं नव्हतं. देखभालीचा ठेका ज्याच्याकडे होता तो माळ्यांची दोन महिन्यांची मजुरी ठेवून निघून गेला होता (त्याचं नाव लिहीत नाही, आई उगाच शाप देत बसेल). गाजरगवत छातीपर्यंत, तळ्याच्या काठानं बेशरम, पाण्यावर जलपर्णी. बंकर म्हणजे रेतीचे खड्डे असतात, त्यात कुत्र्यांची पिल्लं राहत होती. माझ्या हाताखाली चौदा माणसं, त्यात निंदणाऱ्या पाच बाया. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच, ही पण सहा महिन्यांत जाणार.

पहिल्या आठवड्यात मी कोणालाच काही सांगितलं नाही. फळ्यावर कामाची यादी तेवढी लिहिली होती, तीही काकाजींनी वाचली नाही आणि इतरांनी वाचल्यासारखं केलं. मी होल कटर घेऊन हिंडत होते. हे पत्र्याच्या गोल नळकांड्यासारखं अवजार असतं. जमिनीत दाबून फिरवलं की १०८ मिलिमीटर व्यासाची मातीची वीट अख्खी वर येते. तेवढंच ते भोक असतं, जगात कुठेही, आपल्या पितळी तांब्याच्या तोंडाएवढं समजा. तीन नंबरच्या ग्रीनवर मी असा एक गोळा काढला आणि गवतावर आडवा ठेवला. वर बोटभर जाडीचा तपकिरी नमदा, मेलेल्या मुळांचा आणि काड्यांचा. त्याखाली आपली काळी माती, चिकट, सुरीनं कापावी अशी. त्याच्या खाली जुनी रेती. आणि माती-रेतीच्या मधोमध काजळासारखी एक काळी रेघ. नाकाशी नेलं तर सडक्या अंड्याचा वास. हिरवी मुळं त्या रेघेपर्यंत येऊन थांबलेली, एकही खाली गेलेलं नव्हतं.

काकाजी पाठीमागे उभे होते. म्हणाले, "तलावाचा गाळ टाकला होता जी. पीक चांगलं येते म्हणून."

बाबा, तुम्ही पण तलावाचा गाळ टिप्परनं आणून वावरात पसरता आणि त्या वर्षी कपाशी कशी उठते ते मी पाहिलं आहे. ज्यानं इथे टाकला त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. पण ग्रीनवर नेमकं तेच विष होतं. बारीक मातीच्या खाली जाड रेती असली की पाणी वरच्या थरातच अडकून बसतं. वरचा थर गच्च भरल्याशिवाय ते खाली उतरतच नाही. मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात, आणि ती काळी रेघ तयार होते. वरून माणसांना दिसतं पिवळं गवत, म्हणून ते आणखी पाणी देतात.

दोन ग्रीन मुळापासून उकरल्या. खाली वीतभर नाही पण चार इंच गिट्टी, वर फूटभर रेती, नाल्यांना पाइप. कन्हान नदीची रेती चाळीसेक टिप्पर लागली आणि पावसाळ्यात रेतीचे घाट बंद होतात म्हणून मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, ती सगळी आणून टाकली. माणसं पहाटे साडेपाचला येत आणि अकराला घरी जात. दुपारचं काम मी बंदच केलं. बाकीच्या सात ग्रीनना एवढे पैसे नव्हते. त्यांना भोकं पाडली, भोकांत रेती भरली. पुन्हा पाडली, पुन्हा भरली. अजून दोन वर्षं तेच करत राहावं लागेल.

पाऊस लागला आणि कांड्या लावल्या. पहिले पंधरा दिवस उघडीप पडली की दिवसातून पाच-सहा वेळा हलकं पाणी. लहान पोराला चमच्यानं पाजतात तसं.

आई, आता तुझी गोष्ट. लव्हाळ्याची. नवीन रेतीत सगळ्यात आधी काय उगवलं असेल तर लव्हाळा. पोरं वरून उपटून मोकळी होत आणि चौथ्या दिवशी एकाच्या जागी तीन उभे. मला तू आठवलीस. पाऊस उघडून वाफसा झाला की तू खुरपं तिरपं घालायचीस आणि गाठ सापडेपर्यंत हात काढायची नाहीस. मग ती गाठ, मग तिला जोडलेली दुसरी, मण्यांच्या माळेसारखी. ग्रीनवर खुरपं चालत नाही, खड्डा पडतो. म्हणून पाचही बायांना लांब पातळ पेचकस आणून दिले. पहिल्या दिवशी हसल्या. "हे तं स्कूटर दुरुस्तीचं हाय." पण आठवड्यात त्या इतक्या तरबेज झाल्या की आता कोणी पुरुष लव्हाळ्याला हात लावायला गेला तर त्याला उठवून लावतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरात मारबतीची, इडापिडा घेऊन जाणाऱ्या त्या पुतळ्याची, मिरवणूक होती, आमच्याकडे अर्धी सुट्टी. निघताना त्यातली एक ओरडली, "लव्हाळा घेऊन जा गे मारबत!" मग सगळ्यांनीच धरलं. मारबतीनं काही नेला नाही, पण कमी झाला आहे.

त्या बायांचा रोज पुरुषांपेक्षा कमी होता. जूनपासून सारखा करून घेतला. त्यासाठी तीन बैठका झाल्या, त्याबद्दल पत्रात लिहिण्यासारखं काही नाही.

आणि माझी चूक. ती लपवणार नाही, कारण काकाजी कधीतरी तुम्हाला भेटले तर सांगतीलच. कोर्सच्या कमिटीला पंधरा ऑगस्टला छोटी स्पर्धा घ्यायची होती. ग्रीनचं गवत चार मिलिमीटरवर आणायचं असतं, म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षाही कमी. ते हळूहळू उतरवतात. एका कापणीत पात्याचा तिसरा हिस्सा जाईल, त्याहून जास्त नाही, हा नियम मला झोपेत विचारला तरी सांगता येईल. पण आठ दिवस झड लागली होती, कापणीच झाली नव्हती, गवत सैल आणि उंच वाढलेलं. आणि मी तारीख बघून मशीन एकदम खाली उतरवलं. कापून मागे वळून पाहिलं तर हिरवं काही राहिलंच नव्हतं. नुसत्या पांढुरक्या काड्या, ताज्या हजामतीसारख्या. ती एक ग्रीन बंद ठेवून स्पर्धा झाली. कमिटीतले एक गृहस्थ सगळ्यांसमोर जे बोलले ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. संध्याकाळी काकाजी काही न बोलता रेतीची घमेली भरत बसले. मी त्यांच्याजवळ बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हरळी हाय मॅडम. हे मरते थोडी." तीन आठवड्यांत ती परत आली. तुम्ही जाळूनही मरत नव्हती ना बाबा, ती हीच सवय.

आता पाण्याचं. हे मला सगळ्यात आधी लिहायचं होतं आणि मी ते टाळत इथवर आले. आपल्या भागात बोअर किती खाली गेल्या आहेत ते मला माहीत आहे. ज्या उन्हाळ्यात तुम्ही टँकरवर बाग जगवली त्या वेळी मी कॉलेजात होते, आणि दादानं पाठवलेले मुळांपाशी ओल शोधणाऱ्या तुमच्या हातांचे फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहेत. खेळायच्या गवताला पाणी देताना मला ते दिसतात. म्हणून आल्यावर पहिलं भांडण मी पाण्यावरून केलं. आता बोअरचं पाणी फक्त नऊ ग्रीनना आणि नर्सरीला जातं. बाकीचं, शेजारच्या वसाहतीतलं सांडपाणी शुद्ध करून येतं ते. तुम्हाला हसू येईल, पण कोराडीचं वीज केंद्रसुद्धा भांडेवाडीला शुद्ध केलेलं नागपूरचं सांडपाणी वापरतं, मग गवताला काय झालं? त्यात क्षार जास्त असतात, म्हणून दर महिन्याला तपासते. आणि उन्हाळ्यात मधला मोठा पट्टा, फेअरवे म्हणतात तो, सरळ वाळू द्यायचा. मेंबर लोकांना हिरवा पाहिजे असतो. मी त्यांना सांगितलं, आमचे बाबा बाग ताणावर सोडतात, झाडाची पानं मलूल होतात, आणि मग पाणी दिलं की बहार फुटतो. त्यातल्या निम्म्यांना पटलं. यानं माझं मन पूर्ण साफ झालं असं नाही. पण जे हातात आहे ते केलं आहे.

मुळं खाणाऱ्या हुमणीवरचा तुमचा उपाय मात्र शंभर टक्के लागू पडला. पहिल्या वळवानंतर अंधार पडता पडता कडुनिंबाच्या फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात. इथे रॉकेल मिळेना, साबणाच्या पाण्यात टाकले. पोरं बादल्या मोजून पैज लावत होती. तरी दोन नंबरवर थोडी राहिलीच, कारण सप्टेंबरात एका रात्री रानडुकरांनी येऊन अर्धा फेअरवे नांगरून ठेवला. अळ्या खायलाच आली होती. आपल्याकडेही येतात, इथेही येतात. काटोल रोडची डुकरं एकच असावीत.

दिवाळीला मी दोनच दिवस येईन. रागवू नका. थंडी पडली की हरळी झोपते, त्याआधी उरलेले टक्कल भरून निघाले पाहिजेत. आई, चिवड्यात कढीपत्ता जास्त टाक आणि इथल्या चौदा जणांसाठी वेगळा डबा भर. काकाजींना गोड चालत नाही, त्यांना शेव दे.

आणि बाबा, एक काम आहे. पूर्वी इथे कोणाची तरी संत्र्याची बाग असावी. सहा नंबरच्या डावीकडे अकरा झाडं अजून उभी आहेत. सात झाडांच्या बुंध्याला डिंक आला आहे. मी चार रात्री थांबून पाहिलं, तर स्प्रिंकलरचा फवारा रोज बुंध्यावर पडत होता. तुम्ही डबल आळं करून खोडाला थेंब लागू देत नाही, आणि इथे कितीतरी वर्षं रोज अंघोळ. फवाऱ्याचं तोंड फिरवलं आहे. पण डिंक्या किती आत गेला आहे, कोणतं झाड ठेवायचं, कोणतं काढायचं, ते मला समजत नाही. पुस्तकातलं माहीत आहे, सालीवर सुरी कुठे थांबवायची ते तुमच्या हाताला माहीत आहे. व्यापाऱ्याशी आंबिया बहाराच्या संत्र्यांचा सौदा एकदा ठरला की एक दिवस या. येष्टीतून गोरेवाड्याच्या अलीकडे उतरा, मी गाडी घेऊन उभी राहते. बुंध्याला लावायच्या बोर्डो पेस्टसाठी चुना आणि बादली माझ्याकडे आहे. मोरचूद किलोभर घरचाच आणा. आणि तुमची ती लाकडी मुठीची सुरी.

चपला जाड घालून येऊ नका. खेळणाऱ्यांशिवाय ग्रीनवर मी कोणालाच चालू देत नाही, पण तुम्हाला अनवाणी नेणार आहे.

तुमची,
सोनू