काट्याचा पासंग आधी बघायला लावणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,
सा. न. वि. वि.

धुळीच्या ढगात गुंडाळलेल्या नव्या ताऱ्यांवरचा माझा प्रबंध गेल्या महिन्यात विद्यापीठात जमा झाला. जीएमआरटी, म्हणजे नारायणगावजवळच्या खोडदची तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण, वापरणारे सगळेच ऋणनिर्देशात जे वाक्य लिहितात, ते मीही लिहिलं : 'ही निरीक्षणं शक्य करणाऱ्या जीएमआरटीच्या कर्मचाऱ्यांचे आभार.' लिहून झालं आणि मी तशीच बसून राहिले. त्या 'कर्मचारी' शब्दात तुम्ही होतात, मे महिन्यातली ती अख्खी रात्र होती, आणि वाचणाऱ्याला त्यातलं काहीच कळणार नव्हतं. म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. खोडदच्या कंट्रोल रूममध्ये रात्रपाळी करणाऱ्या तुमच्या सोबत्यांनी मात्र हे वाचावं अशी फार इच्छा आहे.

त्या संध्याकाळपासूनच नारायणगावच्या बाजूला विजा लवत होत्या. माझी वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. साडेनऊलाच वळवाचा वारा सुटला आणि तुम्ही अँटेना आभाळाकडे तोंड करून उभ्या करून ठेवल्यात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांनी पोलादी दोरांवर ताणलेल्या बारीक तारांच्या जाळीची रचना केली, म्हणून एवढ्या मोठ्या डिश हलक्या झाल्या आणि वारा बराचसा आरपार जातो. तरी वादळात त्यांना कोणी फिरवत नाही, हे मलाही माहीत होतं. पण माझ्या आठ तासांतले दोन तास तसेच गेले आणि मला रडू येऊ लागलं. तुम्ही थर्मासमधला चहा ओतून दिलात आणि म्हणालात, "वळीव आहे ताई, मुक्कामाला नाही आलेला."

बारा वीसला वारा पडला. मी घाईघाईने म्हटलं, कॅलिब्रेटर (ज्याच्या पक्क्या ठाऊक तेजाशी बाकीचं माप ताडतात तो स्रोत; थ्री सी २८६ आणि थ्री सी ४८ हे असेच दोन) राहू द्या, थेट माझ्या सोर्सवर, मला बघायच्या ढगावर जाऊ. त्यावर तुम्ही जे बोललात ते मी वहीत उतरवून ठेवलंय : "आमचे वडील नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घालायचे. माल काट्यावर चढायच्या आधी काट्याला पासंग आहे का ते बघायचे. नंतर बघून काय उपयोग? थ्री सी २८६ अजून वर आहे, आत्ताच घेऊन टाकू. तीनच्या पुढे ते हाती लागायचं नाही."

मला राग आला होता. तो मी चेहऱ्यावर दाखवलाही असेल. त्याची आज माफी मागते.

पहाटे पावणेपाचला पुन्हा तेच. मला उरलेला सगळा वेळ सोर्सवरच हवा होता आणि तुम्ही म्हणालात, थ्री सी ४८ आता पुरेसं वर आलंय, दहा मिनिटं त्याला द्या, सुरुवातीच्या स्कॅनचा मला भरवसा वाटत नाही. लॉगमध्ये तुम्ही वेळेसकट लिहून ठेवलं होतं की वाऱ्यानंतर हातांवरच्या, म्हणजे मधल्या चौकातून लांबवर गेलेल्या तीन रांगांतल्या, कोणकोणत्या अँटेना उशिरा मार्गावर आल्या. पुण्याला परतल्यावर डेटा उघडला, तेव्हा नेमक्या त्याच अँटेनांचा थ्री सी २८६ चा भाग मला फ्लॅग करून, म्हणजे बाद म्हणून खूण करून, टाकावा लागला. एकूण अकरा अँटेना. थ्री सी ४८ चा स्कॅन मात्र स्वच्छ होता. त्या रात्रीचं सगळं माप शेवटी त्या दहा मिनिटांवर उभं राहिलं.

आता तुमचं एक उत्तर माझ्याकडे राहिलंय. रात्री दोनच्या सुमारास तुम्ही विचारलं होतं, "तारा दिसत नाही म्हणता, मग तो जन्मला हे कळतं कसं?" मी "वायू तापतो, त्याच्या रेडिओ लहरी येतात" असं काहीतरी पुटपुटून स्क्रीनकडे वळले. प्रश्न माझ्या प्रबंधाच्या मुळाशी होता आणि उत्तर असं द्यायचं नव्हतं. ते आज नीट देते.

सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जास्त वस्तुमानाचा तारा घडतो तो थंडगार वायूच्या आणि धुळीच्या ढगात. त्याला इतकी घाई असते की भोवतीचं पांघरूण फिटायच्या आतच तो पेटलेला असतो. दृश्य प्रकाश त्या धुळीत अडकतो, त्यामुळे साध्या दुर्बिणीला तिथे काळोखच दिसतो. पण असल्या ताऱ्याचा अतिनील प्रकाश फार जहाल. १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्टहून जास्त ऊर्जेचा प्रकाशकण हायड्रोजनच्या अणूवर आदळला की इलेक्ट्रॉन सुटून बाहेर पडतो. ताऱ्याभोवती अशा फुटलेल्या अणूंचा, म्हणजे आयनित वायूचा फुगा तयार होतो, तापमान दहा हजार केल्विनच्या आसपास. सुटे इलेक्ट्रॉन प्रोटॉनजवळून जाताना त्यांची वाट वाकते आणि दर वळणावर थोडी ऊर्जा रेडिओ लहरी होऊन निघते. धुळीचा कण या लहरींपुढे इतका लहान की त्या त्याला जुमानतच नाहीत. सरळ खोडदपर्यंत येतात.

हिवाळ्यात मृग नक्षत्राच्या पोटातल्या बाणाखाली जो भुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो, तो असाच फुगा आहे, सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवर. त्याचं पांघरूण आपल्या बाजूने फाटलंय म्हणून तो दिसतो. माझा सोर्स गरुड तारकासमूहाच्या दिशेला, आकाशगंगेच्या पट्ट्यात, अजून पुरता गुंडाळलेला. त्याला नावही नाही, नुसते पत्त्याचे आकडे.

कळतं कसं, ते आता. फुग्यात सुटे इलेक्ट्रॉन प्रोटॉनना पुन्हा मिळतही असतात. जेवढे अणू जुळतात तेवढे ताऱ्याने पुन्हा फोडले, तर फुगा टिकतो. हा हिशोब खगोलशास्त्रज्ञ बेंग्ट स्ट्रोमग्रेन यांनी १९३९ मध्ये मांडला. त्यामुळे रेडिओ लहरींची तीव्रता आणि ढगाचं अंतर माहीत असलं की तारा दर सेकंदाला किती अतिनील प्रकाशकण सोडतो ते काढता येतं. मोठ्या ओ वर्गाच्या, म्हणजे सगळ्यांत उष्ण वर्गाच्या ताऱ्यासाठी हा आकडा एकावर ४९ शून्यं एवढा जातो. त्यावरून तारा कोणत्या वर्गाचा, केवढ्या वस्तुमानाचा, याचा अंदाज बांधता येतो. तारा न बघता.

आणि इथेच तुमचा पासंग येतो. दुर्बिणीतून जे आकडे निघतात त्यांना स्वतःचं माप नसतं. ज्याचं तेज पक्कं ठाऊक आहे अशा स्रोताशी ताडून बघितल्याशिवाय ते निव्वळ आकडेच. शिवाय मला दोन बँडमधली, म्हणजे वारंवारतेच्या दोन पट्ट्यांतली तीव्रता ताडायची होती, साधारण ६५० आणि १,२५० मेगाहर्ट्झला. विरळ आयनित वायूची तीव्रता वारंवारतेबरोबर जेमतेम घटते, तिचा घातांक उणे ०.१. वायू दाट असेल तर उलट वाढत जाते. घातांक याहून बराच खाली गेला तर मामला निराळा : तिथे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरत असणार, कुठेतरी जोराचा आघात झालेला असणार. आता खालच्या बँडचं माप २५ टक्क्यांनी जास्त आलं असं धरा. उणे ०.१ चा घातांक थेट उणे ०.४४ पर्यंत घसरतो. म्हणजे शांतपणे तापलेल्या वायूला मी आघात म्हटलं असतं, प्रबंधात एक प्रकरण त्यावर लिहिलं असतं, आणि ते सगळं खोटं ठरलं असतं. हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

मिळालं काय, तेही सांगते. मध्ये एक छोटा तेजस्वी भाग आहे, धूमकेतूच्या डोक्यासारखा एका बाजूने कमानदार. त्याच्याभोवती फार फिका, ऐसपैस पसरलेला आयनित वायू. डोक्याचा तपशील आला हातांवरच्या १६ अँटेनांमुळे, आणि फिका पसारा पकडला मधल्या चौकातल्या १४ जणींनी. ही दुर्बीण अँटेनांचे सिग्नल जोडीजोडीने ताडून चित्र बनवते, आणि तीस अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. तुम्ही लॉगमध्ये अँटेनानिहाय लिहिलं होतं म्हणून कुठल्या जोड्यांवर किती वेळ विश्वास ठेवायचा हे मला ठरवता आलं. त्या फिक्या पसाऱ्याचं मला विशेष वाटतं, कारण त्यात एक जुनं कोडं आहे. १९८९ मध्ये वूड आणि चर्चवेल या खगोलशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीने असे अतिलहान फुगे मोजले, तर ते असायला हवेत त्याहून फार जास्त निघाले. इतका तापलेला वायू सेकंदाला दहाएक किलोमीटरने पसरतो, त्या हिशोबाने हे फुगे काही हजार वर्षांतच मोठे व्हायला हवेत. संख्या मात्र सांगते की ते लाखभर वर्षं टिकत असावेत. लहान वाटणाऱ्या काही फुग्यांभोवती खरोखर मोठा विरळ पसारा असतो आणि उंच वारंवारतेच्या, बारीक नजरेच्या निरीक्षणांतून तो निसटतो, हे त्या कोड्याचं एक उत्तर आहे. माझ्या सोर्सपुरतं तरी ते लागू पडतं, असं मी प्रबंधात लिहिलंय. पूर्ण जबाबदारीने लिहिलंय, कारण माप तुमचं आहे.

आणखी एक. सहा वाजता निरीक्षण संपल्यावर मी एकटीच हॉस्टेलकडे निघाले होते, तर "थांबा, उसात बिबट्या फिरतोय" म्हणून तुम्ही पाळी संपवून दारापर्यंत सोबत आलात. रात्रभर जागे होतात, घरी जायची घाई तुम्हालाही असणार. त्या वाटेवर तुम्ही मुलीच्या दहावीबद्दल बोललात आणि मी निकाल नंतर कधी विचारलाच नाही. कसा लागला?

आमच्या विभागातून पुढच्या आठवड्यात कोणीतरी खोडदला येतंय, त्यांच्या हाती नकाशाची मोठी छापील प्रत पाठवते आहे. खालच्या डाव्या कोपऱ्यात जो छोटा लंबगोल आहे तो दुर्बिणीची नजर किती बारीक होती ते दाखवतो. तारा कुठे असावा तिथे मी पेन्सिलीने फुली केली आहे, पुसता येईल अशी. नकाशाखाली रात्रीची तारीख आहे आणि तिच्यापुढे 'माप : थ्री सी ४८'.

तोंडी परीक्षेची तारीख ठरली की कळवेन. पाळी नसेल त्या दिवशी, तर मुलीला घेऊन या.

आपली,
त्या रात्रीची विद्यार्थिनी